हातचें पान आणि यंत्राचें पान

भंडारा जिल्ह्यांत आज सात तालुके आहेत: भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा निराळा जिल्हा झाला आणि पूर्वींच्या विस्तीर्ण भंडारा जिल्ह्याचा मोठा भाग तिकडे गेला. अशी घटना घडली म्हणजे कचेरींतला नकाशा बदलावा लागतो, पाट्या नव्यानें रंगवाव्या लागतात. आणि हल्लींच्या काळांत आणखी एक वस्तु बदलावी लागते, ती म्हणजे जिल्ह्याचें संकेतस्थळ. तालुक्यांची ही सात नांवांची यादी संकेतस्थळाच्या पानावर दोन रीतींनीं मांडतां येते, आणि या दोन रीतींमधला वाद हाच येथें सांगावयाचा विषय आहे.

पहिल्या रीतींत पान घडविणारा मनुष्य आधीं ‘येथें यादी सुरू होते’ अशी खूण लिहितो, प्रत्येक नांवाभोंवतीं ‘ही यादींतील एक बाब’ अशी खूण करतो आणि शेवटीं ‘यादी संपली’ असें लिहून मोकळा होतो. या खुणांना टॅग म्हणतात. टॅगांच्या भाषेला एचटीएमएल असें नांव आहे. आणि टॅग स्वतः लिहून पान उभें करण्याला हातानें कोड लिहिणें म्हणतात. दुसऱ्या रीतींत टॅग कोणी लिहीत नाहीं. पडद्यावर कोरें पान उघडलेलें असतें. त्यावर नांवें टंकावीं, माउसनें ओढून हवीं तेथें बसवावीं, ठळक करावीं, रंग द्यावा. टॅग लिहिण्याचें काम यंत्र पडद्याआड करीत असतें. या साधनाला दृश्य संपादक म्हणतात. दोन्ही रीतींनीं केलेलें पान वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अगदीं एकसारखें दिसूं शकतें. मग वाद कशाचा, असें कोणी विचारील. वाद आहे तो न दिसणाऱ्या भागाचा. आणि त्या भागाची जी किंमत मराठीला मोजावी लागली, ती इंग्रजीला कधींच मोजावी लागली नाहीं.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, आधीं हातकाम होतें आणि मागून यंत्र आलें, जसा हातमागानंतर यंत्रमाग आला. वेबच्या बाबतींत ही समजूत खरी नाहीं. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला, तो नुसता वाचण्याचा नव्हता. त्यांतच पान लिहितां येई, दुरुस्त करतां येई, आणि एखादा शब्द निवडून त्याचा दुसऱ्या पानाशीं दुवा जोडतां येई. टॅग डोळ्यांपुढें येत नसत. लेखकानें टॅग लिहीत बसावें, अशी जनकाची कल्पनाच नव्हती. म्हणजे वेबचें पहिलें साधन हेंच मुळीं दृश्य संपादक होतें! परंतु तें नेक्स्ट नांवाच्या संगणकावर चाले, आणि तो संगणक महाग व विरळ. इतर यंत्रांसाठीं निकोला पेलो या विद्यार्थिनीनें जो साधा ब्राउझर तयार केला, तो फक्त वाचण्यापुरता होता. पुढें १९९३ मध्यें अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनीं मोझेक हा ब्राउझर काढला आणि वेब लोकांत पसरलें. तथापि मोझेकमध्येंहि पान वाचतां येई, लिहितां येत नसे. वाचण्याची खिडकी घरोघर गेली, लेखणी मात्र मागें राहिली. मग ज्याला स्वतःचें पान करावयाचें त्याला साध्या टंकलेखनाच्या खिडकींत एक एक टॅग टंकीत बसण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

या अडचणींतून एक अनपेक्षित लाभ झाला. ब्राउझरमध्यें कोणत्याहि पानाचा मूळ कोड उघडून पाहण्याची सोय होती. आवडलेलें पान उघडावें, त्याचे टॅग वाचावे, थोडे फेरफार करून आपलें पान करावें, अशा रीतीनें वर्ग नाहीं, शिक्षक नाहीं, पुस्तकहि क्वचितच, अशा स्थितींत एक सबंध पिढी हें काम शिकली. गवयाच्या घरीं राहून शिष्य गाणें उचलतो, त्यांतलाच हा प्रकार. भारतांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां इकडच्या हौशी मंडळींनींहि बव्हंशीं याच मार्गानें आरंभ केला.

पण सर्वांना हें जमण्यासारखें नव्हतें, आणि जमलेंच पाहिजे असा आग्रह धरणेंहि बरोबर नव्हतें. शाळेच्या शिक्षिकेला, लहान दुकानदाराला, एखाद्या ग्रंथालयाच्या चिटणिसाला पान हवें असतें. टॅगांची भाषा नको असते. ही गरज ओळखून १९९५ पासून दृश्य संपादक बाजारांत येऊं लागले. व्हर्मीर नांवाच्या एका लहान कंपनीनें फ्रंटपेज काढला आणि १९९६ च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्टनें ती कंपनीच विकत घेतली. अॅडोबीचा पेजमिल, नेटस्केपचा कंपोझर, आणि १९९७ च्या डिसेंबरांत मॅक्रोमीडियाचा ड्रीमवीव्हर, असे एकामागून एक संपादक आले. कचेऱ्यांतून तर याहिपेक्षां सोपा मार्ग निघाला: पत्र लिहिण्याच्या वर्डमध्येंच मजकूर तयार करावा आणि ‘वेबपान म्हणून जतन करा’ या बटणावर टिचकी मारावी.

या साधनांनीं लक्षावधि लोकांना वेबवर आणलें, हें त्यांचें श्रेय कोणी नाकारूं नये. मात्र पडद्याआड तीं काय लिहीत होतीं, तें पाहिलें म्हणजे मन खट्टू होतें. माणसानें मथळा ठळक व मोठा केला कीं यंत्र ‘हा मथळा आहे’ असें लिहीत नसे. ‘हीं अक्षरें मोठीं, हीं ठळक, हीं निळीं’ एवढेंच लिही. सात तालुक्यांची यादी म्हणजे यंत्राच्या लेखीं सात ओळी आणि प्रत्येकीपूर्वीं एक टिंब. मजकूर दोन स्तंभांत हवा असला तर यंत्र आंकड्यांचें कोष्टक मांडण्याचा टॅग घेऊन त्याच्या कप्प्यांत मजकूर कोंबी. हातानें कोड लिहिणारेहि त्या काळीं कोष्टकांचा हाच गैरवापर करीत, आणि न दिसणाऱ्या एक ठिपक्याच्या चित्रानें जागा भरून काढीत. दोष सगळा यंत्राचा नव्हता. रूप आणि आशय यांची फारकत करणारी सीएसएस ही पद्धति १९९६ च्या डिसेंबरांत मान्य झाली खरी, पण ब्राउझरांनीं ती नीट पाळूं लागेपर्यंत आणखी कांहीं वर्षें गेलीं. मोहाडी तालुक्यांत कोशाचें कापड विणणारा विणकर कापड हातीं घेतलें कीं पहिल्यानें उलटें करून पाहतो. पुढच्या बाजूची नक्षी मागच्या धाग्यांवर उभी असते, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. वेबपानाची उलटी बाजू मात्र फ्रंटपेजच्या जमान्यांत फारच थोड्यांनीं पाहिली.

इंग्रजी पानाची उलटी बाजू कितीहि विस्कटलेली असली तरी एक गोष्ट शाबूत असे: अक्षर तें अक्षरच राही. मराठीची गोष्ट निराळी होती.

संगणकावर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्या काळच्या सामान्य व्यवस्थेंत हे क्रमांक रोमन लिपीसाठीं ठरलेले होते. देवनागरीसाठीं आयआयटी कानपूर व पुण्याची सी-डॅक संस्था यांच्या प्रयत्नांतून इस्की ही प्रमाणपद्धति तयार झाली होती आणि १९९१ मध्यें तिला भारतीय मानकाचें रूप मिळालें. पण परदेशीं ब्राउझरांना ती ठाऊक नव्हती. मग एक युक्ति निघाली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार करावयाचे: एका क्रमांकावर अर्धा ‘क’, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर वेलांटी. दृश्य संपादकांत हा फॉन्ट निवडला कीं पडद्यावर सुरेख मराठी दिसे. आंत मात्र मराठीचें एकहि अक्षर नसे. ज्याच्या संगणकावर नेमका तोच फॉन्ट नाहीं, त्याला त्या पानावर रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा दिसे. शुषा, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपि, आकृति, जितके फॉन्ट तितक्या जुळण्या. एकाचा मजकूर दुसऱ्याला अगम्य. फॉन्ट पानाबरोबरच धाडण्याची सोय १९९७ मध्यें नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीं केली, पण दोन परस्परविसंगत पद्धतींनीं; आणि नेटस्केपनें तर २००० सालच्या आपल्या नव्या ब्राउझरांतून ती काढूनच टाकली.

या युक्तींत जुन्या छापखान्याची आठवण होते. निर्णयसागरासारख्या छापखान्यांत जुळारी एक एक खिळा उचलून अक्षर जुळवी. ‘जिल्हा’ हा शब्द जुळवितांना त्याचा हात प्रथम वेलांटीच्या खिळ्याकडे जाई आणि नंतर ‘ज’कडे, कारण कागदावर वेलांटी आधीं दिसते. उच्चारांत मात्र ‘ज’ आधीं आहे. फॉन्टच्या युक्तीनें टंकणाराहि जुळाऱ्यासारखाच वेलांटी आधीं टंकी, आणि तोच क्रम पानांत कायमचा साठविला जाई. छापखान्यांत यानें कांहीं बिघडत नसे. पान छापून झालें कीं खिळे पुन्हा घरांत जात आणि कागद वाचणारा मनुष्यच असे. संगणकावरचें पान मात्र माणसाआधीं यंत्र वाचतें. शोधयंत्र वाचतें, अकारविल्हे लावणारा प्रोग्राम वाचतो, अंध वाचकाला मोठ्यानें वाचून दाखविणारा प्रोग्राम वाचतो. या सर्वांना तें पान म्हणजे चिवडा.

याचा उपाय कागदावर केव्हांच सिद्ध झालेला होता. १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीला स्वतःचीं १२८ स्थानें मिळालीं होतीं, आणि त्यांची रचना इस्कीवरूनच घेतलेली होती. युनिकोडमध्यें ‘जिल्हा’ हा शब्द आधीं ज, मग वेलांटी, मग ल, हलन्त, ह, काना अशा बोलण्याच्या क्रमानें साठविला जातो. वेलांटी डावीकडे नेऊन दाखविणें आणि ‘ल्ह’ हें जोडाक्षर बांधणें हें काम दाखवितेवेळीं यंत्र करतें. असणें एकीकडे आणि दिसणें दुसरीकडे, अशी ही वांटणी आहे. टॅगांचें तत्त्वहि नेमकें हेंच: ‘ही यादी आहे’ हें पानांत लिहावें, टिंबें कशीं काढावयाचीं तें ब्राउझरवर सोंपवावें. विंडोज २००० मध्यें मंगल फॉन्टासह देवनागरी युनिकोडची सोय आली, हळूहळू ती सर्वत्र झाली, आणि २००९ मध्यें केंद्र शासनानें भारतीय भाषांसाठीं युनिकोड हेंच प्रमाण ठरविलें. मध्यंतरीं दहाबारा वर्षांत तयार झालेला मराठी मजकूर मात्र ज्याच्या त्याच्या फॉन्टांत अडकून पडला. त्यांतला कांहीं परिवर्तक प्रोग्रामांनीं सुटला, कांहीं फॉन्टांसह गेला.

येथें पवनीचें उदाहरण आठवल्यावांचून राहत नाहीं. वैनगंगेच्या कांठच्या या गांवीं जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्यें उत्खनन झालें आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपींतले लेख आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं तीं अक्षरें आज वाचतां येतात, कारण खोदणाऱ्यानें जें चिन्ह ‘क’साठीं वापरलें तेंच इतर ठिकाणच्या खोदणाऱ्यांनींहि वापरलें, म्हणून १८३७ मध्यें प्रिन्सेपला एका ठिकाणीं लिपि उलगडली, आणि ती सर्वत्र उलगडली. पवनीच्या दगडावरचा लेख वाचतां यावा आणि १९९८ सालीं केलेलें एखादें मराठी वेबपान वाचतां येऊं नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिला असता तर गोष्ट निराळी. परंतु २००५ मध्यें माहितीचा अधिकार कायदा झाला, आणि त्याच्या चौथ्या कलमानें प्रत्येक शासकीय कार्यालयावर आपली माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याची जबाबदारी आली. त्यासाठीं इंटरनेटहि वापरावें, असें कलमांतच म्हटलें आहे. धानखरेदीची सूचना, भरतीची जाहिरात, निविदा, पुनर्वसनाच्या याद्या, असा मजकूर पानांवर चढूं लागला. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत, जेथें धान हें मुख्य पीक आहे आणि गोसीखुर्द धरणानें गांवेंच्या गांवें हलविलीं आहेत, तेथें असल्या सूचनेंतलें एक नांव सांपडणें वा न सांपडणें ही लहान बाब नव्हे. अंध नागरिकाची तर सारी भिस्त पानाच्या उलट्या बाजूवर असते. त्याचा वाचकप्रोग्राम खरी यादी आली कीं ‘सात बाबींची यादी’ असें आधीं सांगतो. मथळे खरे असले तर एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतां येते. नुसतें ठळक केलेलें अक्षर त्याला मथळा वाटत नाहीं. एनआयसीनें २००९ मध्यें शासकीय संकेतस्थळांसाठीं जे मार्गदर्शक नियम काढले, त्यांत हा विचार आलेला आहे.

हात कीं यंत्र, या वादाचा निकाल मधल्या काळांत निराळ्याच अंगानें लागूं लागला होता. ड्रीमवीव्हरनें आरंभापासून एक पथ्य पाळलें: माणसानें हातानें लिहिलेल्या कोडला यंत्रानें विचारल्याशिवाय धक्का लावावयाचा नाहीं. हें पथ्य किती अवघड आहे, याचा प्रत्यय विकिपीडियाला आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, सुरू झाला. तेथें लेख लिहावयाचा तर विकिखुणा लिहाव्या लागत: ठळकासाठीं अवतरणचिन्हें, दुव्यासाठीं दुहेरी चौकटी कंस. एचटीएमएलहून सोपें, तरी नवख्याला बुजविणारें. म्हणून विकिमीडियानें दृश्य संपादक तयार केला आणि जुलै २०१३ मध्यें इंग्रजी विकिपीडियावर तो सर्वांपुढें ठेवला. जुन्या संपादकांनीं गदारोळ केला. तो नुसता अहंकाराचा नव्हता. एक शब्द बदलावा तर न बदललेल्या ओळीहि विस्कटत, अशा तक्रारी होत्या. सप्टेंबरांत तेथें माघार घ्यावी लागली. पुढें सुधारणा होत गेल्या, आणि दृश्य पान व विकिखुणा यांचें एकमेकांत भाषांतर करणारा पार्सॉइड नांवाचा जो प्रोग्राम त्यासाठीं लिहिला गेला, तो या सर्व इतिहासांतला फार मोलाचा भाग म्हटला पाहिजे. मनुष्यानें जेथें हात लावला तेवढेंच बदलावें, बाकीचें जसेंच्या तसें ठेवावें, हें त्याचें काम. आज भंडारा जिल्ह्यावरचा मराठी लेख ज्याला खुणांनीं लिहावयाचा तो खुणांनीं लिहितो, ज्याला पडद्यावर पाहून लिहावयाचा तो तसा लिहितो. आंत साठतो तो मजकूर एकच. २००३ मध्येंच जन्मलेल्या वर्डप्रेसनेंहि २०१८ च्या अखेरीस ठोकळ्यांचा नवा संपादक आणला. तेथेंहि ठोकळा परिच्छेदाचा कीं यादीचा, हें यंत्राला सांगावेंच लागतें.

जिल्ह्यांच्या संकेतस्थळांनीं तिसरा मार्ग धरला आहे. पूर्वीं जिल्ह्याजिल्ह्याचें स्थळ निरनिराळ्या धाटणीचें असे. २०१८ च्या सुमारास एनआयसीच्या एस-थ्री-वास या सामायिक व्यवस्थेवर तीं एकामागून एक नेण्यांत आलीं, आणि भंडाऱ्याचें मराठी व इंग्रजी स्थळहि तिच्यावरच चालतें. येथें कचेरींतल्या माणसाला टॅग लिहावे लागत नाहींत आणि पानाची मांडणीहि करावी लागत नाहीं. नेमलेल्या चौकटींत मजकूर भरावयाचा, बाकीचें दूरचें यंत्र पाहतें. यांत कांहीं हरवलें हें खरें. भंडाऱ्याचें पान आणि चंद्रपूरचें पान आतां सख्खीं भावंडें वाटतात; कुणा एकाच्या हाताची खूण त्यांवर राहिलेली नाहीं. परंतु मथळा तो मथळा आणि यादी ती यादी, एवढी हमी चौकटीनें दिली आहे, आणि हातानें लिहिणाऱ्या शंभर जणांपैकीं किती जण ती देऊं शकले असते, याविषयीं शंका घेण्यास जागा आहे.

ही हमी चौकटीपुरतीच आहे. कित्येक शासकीय सूचना आधीं कागदावर छापल्या जातात, त्यांवर सही-शिक्का होतो, आणि मग त्या कागदाचें चित्र काढून तें पीडीएफच्या रूपानें पानाला जोडतात. सहीला कायद्यांत महत्त्व आहे, म्हणून ही रीत सहजासहजीं जाणार नाहीं. अशा चित्रांत अक्षर नसतेंच, तेथें युनिकोड काय आणि टॅग काय! चित्रांतलीं अक्षरें ओळखणारे प्रोग्राम आतां मराठीहि वाचूं लागले आहेत; स्वच्छ छापील ओळ ते बरी वाचतात, तिरक्या कागदावर शिक्क्याच्या शाईखालीं आलेल्या ओळींत चुकतात. शोधपेटींत ‘लाखांदूर’ असें टंकलें तर तालुक्यांच्या यादींतलें लाखांदूर ताबडतोब सांपडतें. सही-शिक्क्याच्या चित्रांतलें लाखांदूर डोळ्यांनींच पानोपान शोधावें लागतें.